आधी त्यांचं ऐकू : हबशातल्या पहिल्या आश्रयाचा प्रकरण अभ्यास

भाडं ठरलं अर्धा दिनार. तांबड्या समुद्राच्या काठी शुऐबा नावाचं बंदर होतं. जिद्दा नावारूपाला येण्याआधी मक्केच्या लोकांना समुद्र गाठायचा तर इथेच यावं लागे. इ. स. 615 च्या सुमारास इस्लामच्या पहिल्या अनुयायांपैकी काही माणसं हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियाकडे, जायला मक्केतून गुपचूप निघून या बंदरावर पोचली. काही पायी आली, काही जनावरावर बसून. व्यापाऱ्यांची दोन गलबतं सुटण्याच्या बेतात होती, त्यांत त्यांना जागा मिळाली. मक्केची प्रमुख टोळी असलेले कुरैश मागावर धावले, पण ते पोचेपर्यंत शिडं दूर गेली होती.

पहिल्या खेपेला अकरा पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. काही याद्यांत एखादं नाव कमी-जास्त आहे. त्यांत प्रेषित मुहम्मदांची कन्या रुकय्या आणि तिचे पती उस्मान इब्न अफ्फान होते. व्यापारात मुरलेले अब्दुर्रहमान इब्न औफ, तरुण जुबैर आणि मुसअब होते. अबू सलमा आणि त्यांची पत्नी उम्मे सलमा होती. पुढे काय घडलं ते आपल्याला मुख्यतः या उम्मे सलमांमुळेच कळतं.

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत हिजरी सन भेटतो. तो ज्या स्थलांतरापासून मोजतात ते मदिनेचं, 622 सालचं. त्याच्या तेजापुढे सात वर्षं आधीचा हा समुद्रप्रवास झाकोळून गेला आहे. मला मात्र इस्लामच्या पहिल्या अनुयायांना माणसं म्हणून ओळखायचं असेल, तर याच प्रकरणापाशी बसावंसं वाटतं. इथे लढाई नाही, राज्य नाही, हातात सत्ता नाही. मूठभर माणसं परक्या मुलखात गेली, आणि त्यांना परत धाडायचं की ठेवून घ्यायचं हे एका राजाला ठरवायचं होतं, एवढंच प्रकरण आहे.

घरातला छळ

मक्केत तेव्हा सरकार नव्हतं, तुरुंग नव्हता, पोलीसही नव्हते. माणसाचं रक्षण करायचं त्याच्या कुळाने. एका कुळाच्या माणसाला दुसऱ्याने मारलं तर रक्ताचा बदला घेतला जाई, आणि ती आग पिढ्यान् पिढ्या धुमसत राही. त्यामुळे एखाद्या प्रतिष्ठित घरातला मुलगा मूर्तिपूजा सोडून मुहम्मदांच्या मागे गेला, तर बाहेरचा माणूस त्याला सहज हात लावू शकत नसे. घरचे मात्र लावू शकत. चुलत्याने उस्मानना बांधून ठेवल्याची आठवण सांगितली जाते. श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेल्या मुसअबना त्यांच्या आईनेच कोंडून ठेवलं होतं.

ज्यांना कुळच नव्हतं, त्यांच्यावर तर कुणाचाच हात होता. बिलाल गुलाम होते. त्यांचा मालक उमय्या इब्न खलफ त्यांना भर उन्हात तापल्या वाळूवर आडवं पाडून छातीवर दगड ठेवी. सुमय्या म्हातारी बाई, मुळात दासी. तिला कुरैशांचा पुढारी अबू जहल याने ठार मारलं, आणि मुस्लीम परंपरा तिला पहिली हुतात्मा मानते. खब्बाब लोहार होते. त्यांनी अल-आस इब्न वाइल या बड्या माणसासाठी काम केलं आणि मजुरी मागायला गेले. तो म्हणाला, मुहम्मदांना नाकारशील तर देईन. मेल्यावर पुन्हा उठणार म्हणतोस ना, मग मला तिथेही धनदौलत आणि मुलंबाळं असतीलच, तेव्हा तिथे फेडतो तुझे पैसे. या अल-आसचं नाव लक्षात ठेवा, त्याचा मुलगा या प्रकरणात पुढे येणार आहे.

याद्या तपासताना मी एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा थबकलो. ज्यांनी सर्वांत जास्त सोसलं, ते गलबतात नव्हते. बिलाल गेले नाहीत, खब्बाब गेले नाहीत. बिलालची आई तर हबशी, म्हणजे ज्या देशाकडे गलबतं निघाली तो त्यांच्या आईचा देश. पण गुलामाला बंदरापर्यंत जाता येत नाही. बिलालना पुढे प्रेषितांचे सोबती अबू बक्र यांनी विकत घेऊन मोकळं केलं. समुद्र ओलांडणारे बहुतेक कुरैशांच्या चांगल्या घरांतले होते. कुणी व्यापारी होते, कुणी मोठ्या बापाची मुलं. निघून जायलाही पत लागते, आजही हे बदललेलं नाही.

यावरून काही अभ्यासकांनी छळाच्या कारणाबद्दलच शंका घेतली आहे. व्यापाराचा नवा मार्ग शोधायचा असेल, मक्केवर बाहेरून दाब आणायचा असेल, किंवा अनुयायांमध्येच आपसात काही बिनसलं असेल, असे तर्क मांडले गेले. मला ते पटत नाहीत. चांगल्या घरातल्या माणसाचा छळ घरात होतो आणि तो बाहेरच्याला दिसत नाही. बापाने बांधलेल्या मुलाला मक्केत दाद मागायची जागाच नव्हती. त्याच्यापुढे एकच रस्ता होता, बापाचा हात पोचणार नाही इतकं दूर जाणं.

जाताजाताचा एक प्रसंग निघणाऱ्यांपैकीच असलेल्या लैलाबाईंनी सांगितलेला आहे. त्यांचे पती आमिर बाहेर गेले होते आणि त्या सामानाची बांधाबांध करत होत्या. तेवढ्यात उमर इब्न अल-खत्ताब समोर येऊन उभे राहिले. उमर तेव्हा या नव्या धर्माचे कडवे वैरी. त्यांनी विचारलं, “निघालात तर?” लैला म्हणाल्या, “हो. तुम्ही आम्हाला छळलंत, दडपलंत. आम्ही देवाच्या जमिनीवर कुठेतरी जाऊ, तो वाट दाखवील.” उमर म्हणाले, “देव तुमच्या सोबत असो,” आणि निघून गेले. पती घरी आल्यावर लैलाबाई म्हणाल्या, आज उमरच्या चेहऱ्यावर वेगळाच मऊपणा दिसला. आमिर म्हणाले, खत्ताबचं गाढव मुसलमान होईल तेव्हा हा होईल! उमर लवकरच मुसलमान झाले. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते बाईचं निरीक्षण. शेजारचं घर रिकामं होताना पाहून छळणाऱ्याच्याही आत काहीतरी हललं, आणि ते तिला दिसलं.

हबशाच का

प्रेषितांनी सुचवलं होतं की हबशाकडे जावं, तिथे असा राजा आहे ज्याच्या राज्यात कुणावर अन्याय होत नाही. हबशा म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियाच्या पठारावरचं आक्सुमचं राज्य. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपल्याकडे हबसाण म्हणत. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हबशीच होता. आपल्या बोलण्यात ‘हबशी’ शब्दाचा अर्थ पुढे फक्त रंगापुरता उरला, याचं मला वाईट वाटतं. मूळ शब्द ज्या देशाचा, त्याची स्वतःची लिपी होती, सोन्याची नाणी होती, दगडाचे गगनचुंबी स्तंभ होते. तिथला राजा एझाना चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाला होता.

मक्केचा या देशाशी व्यापार होता, आणि एक जुनी दुखरी आठवणही होती. साधारण 523 साली दक्षिण अरबस्तानात नजरानच्या ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. त्यावर आक्सुमचा राजा कालेब सैन्य घेऊन समुद्रापार आला आणि त्याने येमेन जिंकला. पुढे त्याच मुलखावर राज्य करणारा हबशी सेनापती अब्रहा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला, अशी अरबांची आठवण होती. त्यामुळे आपल्याच घरातली असंतुष्ट मुलं हबशाच्या राजाच्या आश्रयाला गेली, ही बातमी कुरैशांना नुसती लाजिरवाणी नव्हती, तर धोक्याचीही होती. उलट आक्सुमच्या दरबारात ‘धर्मासाठी छळले गेलेले लोक’ या शब्दांना इतिहास होता. शंभर वर्षांपूर्वी याच शब्दांसाठी त्यांचा राजा समुद्र ओलांडून गेला होता.

एक खोटी बातमी

पहिल्या खेपेची मंडळी तीनएक महिने राहिली. मग कानावर आलं की मक्केने नवा धर्म स्वीकारला. ती परत निघाली, आणि मक्केच्या वेशीपाशी येताच बातमी खोटी असल्याचं कळलं. आता आत शिरायचं तर कुणातरी बड्या माणसाचं अभय हवं. परतणाऱ्यांतले दुसरे एक उस्मान, उस्मान इब्न मजऊन, यांना वलीद इब्न अल-मुगीरा या वजनदार सरदाराने अभय दिलं. पण चार दिवसांत त्यांना ते बोचू लागलं. माझे सोबती मार खातात आणि मी एका मूर्तिपूजकाच्या सावलीत निर्धास्त फिरतो. त्यांनी वलीदला काबागृहापाशी नेलं आणि सर्वांसमक्ष अभय परत केलं.

त्याच दिवशी लबीद नावाचा मोठा कवी बैठकीत कविता म्हणत होता. “ईश्वराखेरीज सारं काही व्यर्थ.” उस्मान म्हणाले, खरं आहे. “आणि प्रत्येक सुख सरून जाणारं.” उस्मान म्हणाले, हे खोटं, स्वर्गाचं सुख सरत नाही. बाचाबाची झाली आणि कुणीतरी त्यांच्या डोळ्यावर ठोसा मारला. वलीद जवळच होता. तो म्हणाला, पुतण्या, तू चांगल्या अभयात होतास, तुझ्या डोळ्याला हे भोगावं लागलं नसतं. उस्मान म्हणाले, माझा दुसरा डोळाही याच वाटेची आस धरून आहे.

यानंतर मोठा गट निघाला. दोन्ही खेपा मिळून जुन्या यादीत लहान मुलं सोडून ऐंशीहून अधिक पुरुष आहेत, आणि त्यांच्यासोबत अठरा-एकोणीस स्त्रिया. मक्केतल्या तेव्हाच्या अनुयायांची संख्या पाहता, समाजाचा केवढा हिस्सा समुद्रापलीकडे गेला याची कल्पना यावी. गटाचा म्होरक्या होता जाफर इब्न अबी तालिब, प्रेषितांचा चुलतभाऊ आणि अलींचा थोरला भाऊ. वय पंचविशीच्या आसपास. सोबत पत्नी अस्मा बिंत उमैस.

ही यादी नुसती नावं म्हणून वाचली तर काही कळत नाही. प्रत्येक नावाचा बाप आणि भाऊ कोण ते शोधलं की अंगावर काटा येतो. अबू हुजैफांचे वडील उत्बा, विरोधकांचे एक पुढारी. त्यांची पत्नी सहला, सुहैल इब्न अम्रची मुलगी, आणि तो सुहैल म्हणजे कुरैशांचा नामांकित वक्ता. रमला म्हणजे उम्मे हबीबा, मक्केचा बडा सरदार अबू सुफियान याची मुलगी. उम्मे सलमा या अबू जहलच्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. मक्केच्या ज्या ज्या घरातून छळाचे हुकूम निघत होते, त्या त्या घरातलं एखादं तरी माणूस यादीत आहे.

दरबार

कुरैशांनी दोन माणसं निवडली. एक अम्र इब्न अल-आस, त्या लोहाराची मजुरी बुडवणाऱ्या अल-आसचा मुलगा. तो बोलण्यात चतुर, मुरब्बी मुत्सद्दी. दुसरा अब्दुल्ला इब्न अबी रबीआ. नजराणा म्हणून मक्केचं कमावलेलं कातडं घेतलं, कारण हबशात त्याला फार मागणी होती. आता याद्या पुन्हा काढा. अम्रचा भाऊ हिशाम आणि अब्दुल्लाचा भाऊ अय्याश या दोघांचीही नावं स्थलांतर केलेल्यांत आहेत. म्हणजे पकडून आणायला निघालेल्या दोघांच्याही घराला हीच भेग गेलेली होती.

त्यांची आखणी बारकाईने केलेली होती. राजाला भेटण्याआधी एकेका सरदाराला आणि धर्मगुरूला त्याचा नजराणा पोचवायचा. सांगायचं की आमची काही अविचारी पोरं तुमच्या देशात पळून आली आहेत. त्यांनी बापजाद्यांचा धर्म सोडला आणि तुमचाही घेतला नाही. आम्ही राजाकडे मागणी करू तेव्हा तुम्ही पाठिंबा द्या, आणि राजाने त्या लोकांशी बोलण्याआधीच त्यांना आमच्या हवाली करावं एवढं बघा. सगळा डाव या शेवटच्या अटीवर उभा होता. अरबी परंपरेत राजाचं नाव असहमा येतं आणि पदवी नजाशी. दरबारात मागणी झाली. सरदारांनी ठरल्याप्रमाणे माना डोलावल्या. नजाशी चिडला. म्हणाला, ज्या लोकांनी माझा आसरा घेतला, इतर सगळ्यांना सोडून मला निवडलं, त्यांना मी असंच हवाली करणार नाही. आधी त्यांना बोलावून विचारू.

परंपरा या राजाची एक मागची कथाही सांगते. लोकांनी त्याच्या बापाला मारून चुलत्याला गादीवर बसवलं, आणि पुढे या पोराला एका व्यापाऱ्याला सहाशे दिरहमांना विकलं. पुढे चुलता वीज पडून मेला, तेव्हा लोकांनी त्याला शोधून आणून गादीवर बसवलं. व्यापारी पैसे मागायला आला, आणि राजाने पहिला निवाडा त्याच्याच बाजूने दिला. पैसे परत करा, नाहीतर त्याचा गुलाम त्याच्या हाती द्या! कथा शब्दशः खरी मानावी की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्यांनी ती जपली, त्यांना या राजाच्या न्यायबुद्धीचं मूळ कुठे दिसलं ते तिच्यातून कळतं.

आश्रितांना बोलावणं आलं. धर्मगुरू आपापले ग्रंथ उघडून बसले होते. राजाने विचारलं, तुम्ही आपल्या लोकांपासून ज्याच्यासाठी तुटलात तो धर्म कोणता? जाफर बोलू लागले. आम्ही अडाणी लोक होतो, मूर्ती पूजायचो, मेलेलं खायचो, नाती तोडायचो, शेजाऱ्याशी वाईट वागायचो, आमच्यातला बलवान दुबळ्याला गिळायचा. मग देवाने आमच्यातूनच एक प्रेषित पाठवला. त्याचं कुळ, खरेपणा, सचोटी आम्हाला ठाऊक होती. त्याने एका देवाची भक्ती सांगितली, खरं बोला, ठेव परत करा, नाती जपा, अनाथाचा माल खाऊ नका असं शिकवलं. आम्ही मानलं, तेव्हा आमच्या लोकांनी आमच्यावर हात टाकला. म्हणून, हे राजा, इतर सगळ्यांना सोडून आम्ही तुझ्या देशी आलो, तुझ्याकडे आमच्यावर अन्याय होणार नाही या आशेने.

हे भाषण शब्दशः असंच झालं असं मी म्हणणार नाही. आपल्यापर्यंत ते आठव्या शतकातल्या इब्न इस्हाक या चरित्रकाराच्या संग्रहातून आलं. त्याच्यात रोजे म्हणजे उपवास आणि जकात म्हणजे धर्माने सांगितलेलं दान यांचा उल्लेख आहे, आणि त्यांचं नियमबद्ध रूप मदिनेतच ठरलं. सांगणाऱ्यांनी पुढचं थोडं मागे ओढलेलं दिसतं. पण भाषणाचा कणा मला विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात पहिली तक्रार स्वतःबद्दलची आहे. शत्रूची निंदा शेवटी आणि थोडक्यात येते.

राजाने विचारलं, तुझ्या प्रेषितावर जे उतरलं त्यातलं काही म्हणून दाखवशील? जाफरनी कुराणातल्या सूरा मरियम या अध्यायाचा आरंभ म्हटला. म्हाताऱ्या जकरियाची अपत्यासाठीची कळवळून केलेली प्रार्थना, मग याह्याचा जन्म, मग एकटी पडलेली ईसांची, म्हणजे येशूंची, आई मरियम, खजुरीच्या बुंध्याला टेकून वेणा सोसणारी. नजाशी रडला. दाढी ओली होईपर्यंत रडला. धर्मगुरूंच्या आसवांनी उघडे ग्रंथ भिजले. तो म्हणाला, हे आणि ईसांनी जे आणलं ते एकाच कोनाड्यातून आलं आहे. अरबी शब्द आहे मिश्कात, म्हणजे भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडा. कुरैशांना त्याने सांगितलं, चला, निघा.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. याच सूरा मरियममध्ये पुढे एका माणसाचा धिक्कार आहे, जो मरणानंतरही आपल्याला संपत्ती आणि संतती मिळणारच अशी बढाई मारतो. परंपरेनुसार त्या ओळी खब्बाबची मजुरी बुडवणाऱ्या अल-आसबद्दल आहेत, आणि त्याचा मुलगा त्या दिवशी दरबारात उभा होता. जाफरनी तो भाग म्हटला नाही. त्यांच्याकडे राजाला हेलावण्यासारखं दुसरं होतं, आणि विरोधकाच्या बापाचा उद्धार करून ते मिळालं नसतं.

अम्र हार मानणारा नव्हता. बाहेर पडताच तो म्हणाला, उद्या यांची पाळंमुळं उपटतो. राजाला सांगतो, हे लोक मरियमपुत्र ईसांना दास म्हणतात. अब्दुल्लाने त्याला अडवलं. असं करू नकोस, त्यांनी आपल्याला विरोध केला तरी ती आपलीच नात्याची माणसं आहेत. उम्मे सलमांनी ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे, आणि म्हटलं आहे की दोघांत आमच्याबाबतीत देवाला भिणारा तोच जास्त होता. वैऱ्याच्या माणसाला असं श्रेय देणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. उम्मे सलमा म्हणतात, इतकं कठीण आमच्यावर कधी आलं नव्हतं. सगळे जमले. राजाने विचारलं तर ईसांबद्दल काय सांगायचं? थोडं गोलमोल बोलता आलं असतं. राजाला आवडेल तेवढंच सांगून उरलेलं गिळता आलं असतं. त्यांनी ठरवलं, देवाने सांगितलं आणि प्रेषितांनी आणलं तेच सांगायचं, मग काहीही होवो. जाफर दरबारात म्हणाले, ते देवाचे दास, त्याचे प्रेषित, त्याचा आत्मा आणि कुमारी मरियमच्या ठायी त्याने टाकलेला शब्द. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली. तू जे म्हणालास त्यापेक्षा ईसा या काडीएवढेही अधिक नाहीत! सरदार नाक मुरडून फुरफुरले. तो म्हणाला, फुरफुरा हवं तेवढं.

मग त्याने आश्रितांना सांगितलं, जा, माझ्या देशात तुम्ही ‘शुयूम’ आहात. म्हणजे निर्धास्त. तुमच्यापैकी एकाला त्रास देऊन सोन्याचा ‘दब्र’ मिळाला तरी मला नको. दब्र म्हणजे डोंगर. अरबी सांगणाऱ्यांनी हे दोन शब्द हबशी म्हणून तसेच ठेवले आणि अर्थ शेजारी दिला. इथिओपियातल्या डोंगरावरच्या मठांच्या नावांत ‘देब्रे’ हा शब्द आजही आहे, देब्रे दामो हा त्यांतला प्रसिद्ध. परक्या देशात वर्षानुवर्षं राहून आलेल्या माणसाच्या जिभेवर दोन-चार शब्द रुळतात, तशीच ही खूण वाटते. मला तर संपूर्ण वृत्तान्तात सर्वांत खात्रीचा पुरावा हाच वाटतो. नजराणा परत गेला. राजा म्हणाला, देवाने माझं राज्य मला परत दिलं तेव्हा माझ्याकडून लाच घेतली नव्हती, मग मी का घेऊ?

नंतरची वर्षं

उम्मे सलमांच्या शब्दांत, आम्ही उत्तम घरी, उत्तम शेजाऱ्याकडे राहिलो. काळजी मात्र होती. कुणीतरी नजाशीविरुद्ध उठलं आणि नदीपलीकडे लढाई जुंपली. हा राजा पडला तर येणारा आपल्याला ओळखणारही नाही, या धास्तीने आश्रित झुरत होते. जुबैर सर्वांत लहान. त्यांनी फुगवलेली पखाल छातीशी धरून नदी पार केली, लढाई पाहिली आणि परतताना लांबूनच कपडा हलवत विजयाची बातमी आणली. त्या दिवसाइतका आनंद कधी झाला नव्हता, असं उम्मे सलमा सांगतात.

परदेशाने सगळ्यांना सारखं घडवलं नाही. उम्मे हबीबांचे पती उबैदुल्ला इब्न जहश हबशात जाऊन ख्रिस्ती झाले आणि तिथेच वारले. आपल्या जुन्या सोबत्यांना ते म्हणत, आमचे डोळे उघडले, तुमचे अजून पिल्लासारखे किलकिलेच आहेत. मुस्लीम परंपरेने हे लपवलं नाही, याचं मोल मला वाटतं. मक्केत बाप सर्वांत मोठा शत्रू, इथे नवरा दुसऱ्या वाटेने गेला. उम्मे हबीबा दोन्हीकडून एकट्या पडल्या आणि तरीही आपल्या श्रद्धेवर टिकल्या. पुढे प्रेषितांनी त्यांना लग्नाची मागणी पाठवली. निकाह हबशातच झाला आणि चारशे दिनारांचा मेहर नजाशीने दिला. जाफर आणि अस्मा यांची मुलंही तिथेच जन्मली.

काही जण 622 च्या आधीच मक्केत परतले होते. जाफर आणि उरलेले मात्र मदिना सुरक्षित झाल्यावरही सहा वर्षं थांबले. अखेर 628 मध्ये, मदिनेच्या उत्तरेच्या खैबरच्या मोहिमेच्या वेळी, नजाशीने दिलेल्या दोन गलबतांतून ते आले. परंपरेच्या मोजणीत सोळा पुरुष. प्रेषितांनी जाफरना जवळ घेतलं आणि म्हणाले, मला आनंद कशाचा जास्त आहे तेच कळत नाही, खैबर मिळाल्याचा की जाफर आल्याचा. जाफर पुढच्याच वर्षी मुताच्या लढाईत पडले. अम्र इब्न अल-आस 629 च्या सुमारास मुसलमान झाला, आणि त्याचा निर्णय हबशातच, नजाशीच्या दरबारात झाल्याचं त्याच्याच नावे सांगितलं जातं. 630 मध्ये नजाशी वारल्याची बातमी मदिनेत आली, तेव्हा प्रेषितांनी सोबत्यांना रांगेत उभं केलं आणि समोर देह नसताना त्याच्यासाठी अंत्यप्रार्थना केली. इथिओपियाच्या तिग्रे प्रांतातल्या नेगाश गावी त्याच्या नावाची मशीद आहे. 2020 च्या अखेरीस युद्धात तिच्यावर मारा झाला आणि तिची मोठी पडझड झाली.

पण 628 मधला एक प्रसंग राहिला. जाफरांसोबत आलेल्या अस्मा मदिनेत उमरांच्या कन्या आणि प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे बसायला गेल्या होत्या. तेवढ्यात उमर आले. एकेकाळी लैलाबाईंना निरोप देणारे तेच उमर. त्यांनी विचारलं, ही कोण? कळल्यावर म्हणाले, ही समुद्रावरून आलेली हबशातली होय! मदिनेला येण्यात आम्ही तुमच्या पुढे आहोत, प्रेषितांवर आमचा हक्क जास्त. अस्मा संतापल्या. मुळीच नाही. तुम्ही प्रेषितांजवळ होतात, ते तुमच्यातल्या भुकेल्याला जेवू घालत होते, अडाण्याला शिकवत होते. आम्ही दूरच्या, परक्या देशात होतो, देवासाठी आणि त्याच्या प्रेषितासाठी. हे मी त्यांना सांगेपर्यंत अन्नपाण्याला शिवणार नाही, आणि त्यात एक शब्द वाढवणार नाही!

त्यांनी सांगितलं. प्रेषित म्हणाले, त्याचा हक्क तुमच्याहून जास्त नाही. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना एक हिजरत, म्हणजे एक स्थलांतर, आणि तुम्हा गलबतवाल्यांना दोन.

बातमी पसरली तशी गलबतातून आलेली माणसं गटागटाने अस्मांकडे येऊ लागली. येमेनहून निघालेले अबू मूसा अल-अशअरी गलबत भरकटून हबशाला लागल्यामुळे त्यांच्यात सामील झाले होते. तेही येत. प्रेषित नेमकं काय म्हणाले ते सांगा, असं विनवत. अस्मा सांगत. अबू मूसा पुन्हा सांगायला लावत.